साडेनऊ, पावणेदहा

ती. ताईस,

उभ्याने घातलेला साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा उरलेली सात अंगं मनातल्या मनात टेकवली आहेत असं समजून घे.) तुझी तब्येत बरी असेल. नसेल तर तसं स्पष्ट कळव, कारण मागच्या पत्रात तू नुसतं "ठीक आहे" असं लिहिलं होतंस, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहून तू चाळीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना "ठीक आहे" कशा चेहऱ्याने सांगत आलीस ते मी पाहिलेलं आहे. तुझा रक्तदाब, तुझ्या कुंड्या आणि वरच्या मजल्यावरची ती पहाटे गाणारी बाई, सगळे आटोक्यात असोत. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात या घरात गेला महिनाभर कुणाचा कुणावर विश्वास राहिलेला नाही, आणि त्याला कारण झालं एक पार्सल. ते कुणी पाठवलं याबद्दल मला दाट संशय आहे. मग हे पत्र मी नेमकं तुलाच का लिहितो आहे, याचा तू शांतपणे विचार कर.

तुला माहीत आहेच, पण कागदावर नोंद असावी म्हणून पुन्हा सांगतो. चार महिन्यांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरला आणि हा आता बदलावाच लागेल, नाहीतर वर्षभरात काठी आणि मग चाकांची खुर्ची, असं सांगितलं. मात्र वजन ऐंशी किलोच्या खाली आल्याशिवाय ते ऑपरेशन करणार नाहीत. त्या दिवशी त्यांच्या काट्यावर मी सत्त्याऐंशी भरलो. (त्या काट्यावर पडताळणीचा शिक्का नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पुढचा पेशंट.) घरच्या काट्यावर ऐंशीच्या खाली आलात की या, असं सांगून त्यांनी आमची बोळवण केली. तेव्हापासून तुझी भावजय मला उकडलेल्या भाज्यांवर जगवते आहे, आणि दर रविवारी सकाळी झोपायच्या खोलीतल्या काट्यावर मला चढवून, स्वतः वाकून आकडा वाचून, कॅलेंडरवर लिहिते आहे. चार महिने झाले, आकडा शहाऐंशीच्या आजूबाजूला घुटमळतो आहे, हलायचं नाव नाही. साहजिकच मी चोरून खातो असा सगळ्यांचा समज झाला. सूनबाई विमा कंपनीत दाव्यांची छाननी करते, म्हणजे लोक खोटं कुठे बोलतात ते शोधण्याबद्दल तिला पगार मिळतो. तिने माझ्या कोटाचे खिसे उलटे करून बिस्किटाचा चुरा शोधला. खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीचीही तिने गोड बोलून उलटतपासणी घेतली, मी तिथे बसून काय खातो म्हणून. ताई, मी तुला शपथेवर सांगतो, की या चार महिन्यांत मी चोरून एक शेंगदाणाही तोंडात टाकलेला नाही. हे वाक्य शब्दशः खरं आहे. पुढचं वाचताना ते लक्षात असू दे.

तर पार्सल. एका मंगळवारी दुपारी ते दारात आलं. खोकं मोठं, वर माझं नाव छापील अक्षरांत, आणि पाठवणाऱ्याचं नाव नाही. निनावी वस्तू मी अशी-तशी उघडत नसतो. वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली ती काय उगाच. मी घड्याळजीला वर बोलावलं, तुझ्या भावजयीला ओट्याजवळून उठवून आणलं, दोघांना पंच नेमलं आणि रीतसर पंचनामा केला. (भावजय म्हणाली, गॅसवर भांडं आहे, लवकर उरका. अशा वातावरणात तपास करावा लागतो.) खोक्याला सुतळी होती, आणि त्या सुतळीची गाठ पाहून मी चमकलो. साध्या गाठीची टोकं कशीही वर उभी राहतात. ही गाठ चपटी, टोकं दोन्हीकडे आडवी निजलेली, वरून हात फिरवला तर लागूही नये अशी. अशी गाठ मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. माझ्या हनुवटीवर, कोपरावर आणि एकदा सांगता न येणाऱ्या ठिकाणी त्याने बँडेज बांधलेलं आहे. मी आत्ता कुणाचं नाव घेत नाही. सुतळी कापली नाही, गाठीसकट अलगद काढून पाकिटात घातली आहे आणि पाकीट माझ्या कपाटात आहे.

खोक्यात निघाला व्हिडिओ गेम. टीव्हीखाली ठेवायचा एक काळा डबा, हातात धरायचे दोन दांडे, पायाखाली घ्यायची एक पांढरी फळी, आणि बॉक्सिंगचा खेळ. आता मला सांग, सहासष्ट वर्षांच्या, एका पायाने अधू असलेल्या माणसाला बॉक्सिंगचा खेळ कोण पाठवतं? पहिला संशय मी मुलावर घेतला, पण तो बोटीवर आहे आणि त्याला वाढदिवसाची तारीखही त्याची बायको कळवते. दुसरा घड्याळजीवर, पण पार्सल उघडल्यावर त्याचं तोंड माझ्याहून मोठं उघडलेलं होतं. डॉक्टरांवर तर मी आठ दिवस संशय घेतला. भावजय म्हणाली, अहो, कुणी प्रेमाने पाठवलं असेल. मी म्हटलं, प्रेमाने पाठवणारा नाव लिहितो. त्यावर ती भांडं करपलं होतं ते पाहायला गेली.

सूनबाईने संध्याकाळी वायरी जोडल्या. खेळ सुरू झाला की आधी तो खेळाडूला फळीवर उभं करतो, वजन घेतो आणि वजनाप्रमाणे गट ठरवतो. खऱ्या बॉक्सिंगमध्येही असंच करतात म्हणे. पडद्यावर कोट घातलेला एक मनुष्य येतो आणि तुमचं वजन किलो-ग्रॅममध्ये भर सभेत ओरडून सांगतो, की मागे बसलेले हजारभर प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तुझी भावजय सगळ्यांत आधी चढली. तिने आजवर काट्याला कधी पाय लावलेला नाही (माझं वजन मला जिने सांगतात, असं तिचं म्हणणं), पण तिचं वजन जाहीर झालं तेव्हा ती त्या टाळ्यांनी लाजली. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी स्वच्छ नकार दिला. ज्या साधनाची पडताळणी झालेली नाही, ज्यावर शिक्का नाही, त्यावर मी पाय ठेवणार नाही. हा माझ्या तत्त्वाचा प्रश्न होता. सूनबाई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, मग म्हणाली की "वजन वगळा" असंही एक बटण आहे, नुसता सराव करता येतो.

मी सराव करू लागलो. खुर्चीवर बसून, दोन्ही हातांत दांडे धरून हवेत ठोसे मारायचे. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, उत्तम, वरचं अंग हललंच पाहिजे. पहिल्या दिवशी ठोसा मारताना खुर्ची मागे सरकली आणि कपाटाला टेकली. दुसऱ्या दिवसापासून मी ती भिंतीला टेकवूनच बसू लागलो. आणि ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, मला तो खेळ आवडला. रोज दुपारी तीन ते पाच. माझा प्रतिस्पर्धी म्हणजे निळी चड्डी घातलेला एक धिप्पाड गडी. त्याला नाव आहे, पण घरात सगळे त्याला निळी चड्डीच म्हणतात. मी त्याला नऊ वेळा लोळवला. नवल असं, की दर वेळी रेफरी नऊ म्हणेपर्यंत तो मेल्यासारखा पडून राही आणि दहाच्या आत उठून उभा राही. मी पडलो की मात्र रेफरी दहा भराभर उरकून मोकळा. मला संशय आला. घड्याळजीकडून स्टॉपवॉच आणलं, त्यालाच शेजारी बसवलं आणि चार दुपारी मोजमाप केलं. मी पडल्यावर रेफरीचे दहा आकडे साडेआठ सेकंदांत संपतात. निळी चड्डी पडली की नुसते नऊ आकडेच सव्वाअकरा सेकंद चालतात. सेकंद हेही माप आहे, ताई. ज्या जगात दहाला दहा म्हणत नाहीत तिथे न्याय कसला? मी कंपनीला रीतसर तक्रार लिहिली, सोबत नोंदींचा तक्ता जोडला आणि दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या. (भावजयीने सही करण्याआधी विचारलं, यात तुमच्या गुडघ्याचं काही आहे का? नाही म्हटल्यावर उसासा टाकून सही केली.) उत्तर अजून आलेलं नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण सराव कितीही केला तरी अजिंक्यपदाच्या सामन्यात उतरायचं तर वजन द्यावंच लागतं, तिथे वगळायचं बटण नाही. आणि मला निळ्या चड्डीला सर्वांसमक्ष हरवायचं होतं. सूनबाई रोज ऑफिसातून आल्यावर विचारी, काय बाबा, फळीवर कधी चढताय? तिच्या आवाजात ऑफिस असे. आता तुला सांगतो, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं. आमच्या झोपायच्या खोलीतल्या काट्याच्या खाली एक स्क्रू आहे. गेले चार महिने दर शनिवारी दुपारी, सगळे झोपले की, मी तो स्क्रू थोडा थोडा फिरवत होतो. कमी दाखवण्यासाठी नव्हे. जास्त दाखवण्यासाठी. वजन जसजसं उतरत गेलं तसतसा मी स्क्रू पुढे घेत गेलो, आणि रिकामा काटा शून्यावर नाही हे कुणाला दिसू नये म्हणून तो भिंतीला उभा टेकवून ठेवू लागलो. रविवारी काटा जमिनीवर टेकण्याच्या आत माझा पाय त्यावर असे. ज्या माणसाने रद्दीवाल्यांची एकूणएक तागडी तपासली, ज्याला पाहून कोळशाच्या वखारीतले लोक दुसऱ्या दाराने निघून जात, त्या माणसाने आपल्याच घरात खोटा काटा चालवला. माझं खरं वजन त्या आठवड्यात साडेएकोणऐंशी किलो होतं.

मग मी काय केलं ते ऐक आणि हसू नकोस. रविवारी घरच्या काट्याने साडेपंच्याऐंशी दाखवलं होतं. फळीनेही तेवढंच दाखवायला हवं, म्हणजे सहा किलोंची भर हवी. मला निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी पितळेचं पाच किलोचं प्रमाणित वजन भेट दिलं होतं, तुला आठवत असेल, "अचूकतेच्या निस्सीम सेवेबद्दल" असं माझ्या नावासकट त्यावर कोरलेलं आहे. ते मी गाऊनच्या डाव्या खिशात घातलं. उजव्या खिशात मिठाची एक किलोची बंद पुडी घातली. (ती पुडी बारा ग्रॅम कमी भरते. मी आधीच तपासली होती. त्यांना वेगळं पत्र लिहिणार आहे.) वरून पट्टा आवळला, आणि शनिवारी संध्याकाळी, घरची मंडळी आणि घड्याळजी यांच्यादेखत, पैलवानासारखा चालत जाऊन फळीवर उभा राहिलो. कोटवाल्याने साडेपंच्याऐंशी जाहीर केलं, टाळ्या झाल्या. सूनबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच निराशा दिसली. मी खुर्चीवर बसलो आणि सामना सुरू झाला.

सातव्या फेरीत माझा डावा ठोसा त्याच्या हनुवटीवर बसला आणि निळी चड्डी आडवी झाली. रेफरी मोजू लागला. सात. आठ. तो हलेना. नऊ म्हणताच, ताई, मी गुडघ्याचं दुखणं विसरून खुर्चीवरून ताडकन उठलो, आणि डावा खिसा तळातून फाटला. पाच किलो पितळ फरशीवर पडल्याचा आवाज तुला तिथे ऐकू आला नाही याचंच मला आश्चर्य वाटतं. पाठोपाठ मिठाची पुडी पडली, फुटली आणि फळी पांढरीशुभ्र असूनही आणखी पांढरी झाली. पडद्याकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. तिकडे तो नऊवर उठला असणार, दुसरं काय.

सूनबाई उठली, आतून काटा घेऊन आली आणि तो जमिनीवर आडवा ठेवला. रिकाम्या काट्याची सुई सहावर होती. तेवढ्याने भागलं असतं, पण छाननीची सवय. तिने ते पितळी वजन दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवलं. अकरा. माझंच नाव कोरलेलं वजन माझ्याच काट्यावर माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं, आणि साक्ष निर्विवाद होती. मग मला मिठातून फळीवर उभं केलं. कोटवाल्याने एकोणऐंशी किलो पाचशे ग्रॅम जाहीर केलं आणि सगळे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला एकवीस जण होते, त्यांपैकी चौघे चहासाठी आले होते.

मला वाटलं आता सूनबाई झाडाझडती घेणार. तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्यासमोर खाली बसली.

"बाबा, ऑपरेशनची भीती वाटते?"

मी म्हटलं, "हो."

एवढं एक अक्षर बोलायला मला चार महिने आणि एक स्क्रू लागला. घड्याळजी खिडकीबाहेर बघत राहिला. भावजय केरसुणी आणायला गेली ती बराच वेळ आली नाही.

ताई, मला दुखण्याची भीती नाही. रक्ताचीही नाही. मला भीती वाटते ती झोपवण्याची. तेहतीस वर्षं मी कुणाच्या शब्दावर विसंबलो नाही. पारडं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, काट्याच्या सुईला नाक लावून उभा राहिलो, मगच शिक्का मारला. आणि तिथे मला डोळे मिटायला लावणार. अनोळखी माणसं माझा पाय उघडणार, मोजमाप करणार, लोखंड बसवणार, आणि ते पाहायला मी तिथे असूनही नसणार. उठलो नाही तर कुणी उठवलं नाही का मीच उठलो नाही, याची नोंदही मला करता येणार नाही. घड्याळजीचा मेहुणा सांगत होता की सुई टोचल्यावर दहापासून उलटे आकडे मोजायला लावतात आणि सहाच्या पुढे कुणीच जात नाही. बॉक्सिंगमध्ये दहा म्हणायच्या आत उठावं लागतं. तिथे दहा संपायच्या आत झोपावं लागतं. रेफरी कोण असतो, तो कसा मोजतो, मला काही ठाऊक नाही.

असो. फार लांबलं. घड्याळजीने तुला नमस्कार सांगितला आहे. कुंड्यांना जास्त पाणी घालू नकोस, तुला ती सवय आहे. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईला काही नको.

तुझा,
खोटा काटावाला भाऊ

ता. क. १ : ऑपरेशनची तारीख ठरली आहे. येत्या महिन्याची नऊ, सकाळी आठ. मला काही विशेष वाटत नाही. सहज कळवलं.

ता. क. २ : मी सात वर्षांचा असताना पायरीवरून पडलो आणि हनुवटीला टाके घालावे लागले, तेव्हा तू माझं डोकं धरून बसली होतीस. तू म्हणालीस, दहा म्हणेपर्यंत संपेल. टाके होते सहा आणि डॉक्टर होता म्हातारा. तू नऊपर्यंत नीट आलीस, आणि मग सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा, पावणेदहा आणि थोडे, असं मोजत राहिलीस. शेवटची गाठ बसली तेव्हाच तू दहा म्हणालीस. मला तेव्हाही कळलं होतं. आयुष्यात मी जाणूनबुजून सोडून दिलेलं खोटं माप ते एवढंच. तू त्या खात्यातली जुनी आहेस, तुला आत उभं राहू देतील. नऊ तारखेला ये आणि आकडे तू मोज. रेफरीवर माझा विश्वास नाही.

ता. क. ३ : पार्सल तूच पाठवलंस हे कबूल करायची गरज नाही. सुतळी माझ्याकडे आहे.

ता. क. ४ (दुसऱ्या हस्ताक्षरात) : ती. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. पार्सल मी पाठवलं. ती गाठ मी तुमच्याकडूनच शिकले, माझ्या बाळंतपणात तुम्ही महिनाभर येऊन राहिला होतात तेव्हा. काट्याचं मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. यांच्या विजारी मी दोनदा कमरेत आत घेतल्या, आणि शहाऐंशीवर अडलेल्या माणसाची विजार ढिली होत नाही. तोंडाने विचारलं असतं तर त्यांनी कबूल केलं नसतं, म्हणून त्यांच्या शब्दाशी भांडणारा दुसरा काटा घरात आणला. भीती यांना एकट्यांनाच वाटते असं नाही. मी दाराबाहेर बाकावर बसलेली असेन. तेव्हा नक्की या, आणि मोजाल तेव्हा जरा मोठ्याने मोजा.